साच्यात न बसणारी मोटार

१/
गावाकडच्या एखाद्या कारागिराने स्वतः मोटार बांधल्याची चित्रफीत पसरली की तिच्याखाली दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक कौतुकाची: 'हा खरा देशी जुगाड!' दुसरी हळहळीची: 'परदेशात जन्मला असता तर कंपनी काढली असती.' या दोन्हींत मूळ प्रश्न बाजूला राहतो. मोटार बांधणारे हात महाराष्ट्रात कधीच कमी नव्हते. उणीव आहे ती कायद्यातील एका दरवाजाची. ब्रिटनमधील फायबरच्या छोट्या मोटारी आणि इचलकरंजी, बंगळूर व अलिबागजवळची कार्लेखिंड येथील प्रयत्न यांचा इतिहास शेजारी ठेवला की ते स्पष्ट होते.

२/
आधी सारंगखेडा. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे काठियावाडी, मारवाडी, नुकरा असे सगळे घोडे येतात. पण नुसत्या जातीच्या नावावर कोणी पैसे मोजत नाही. जाणता गिऱ्हाईक दात पाहून वय ठरवतो, देवमण पाहतो, खोड शोधतो, चालवून रेवाल चाल बघतो. एक काठियावाडी घोडा उत्तम निघाला म्हणून पुढचा न तपासता घेतला जात नाही. घरच्या तबेल्यात वाढलेला म्हणून कोणी नाकारला जात नाही. प्रत्येक जनावराची परीक्षा वेगळी होते. या साध्या व्यवहाराचे महत्त्व पुढे कळेल.

३/
मोटार येण्याआधी वाहन बांधणे हे गावातलेच काम होते. सुताराने तुंबा आणि आरे घडवायचे, लोहाराने धाव तापवून चाकावर चढवायची, आख बसवायचा, वर साटा जोडायचा. दमणी असो वा टांगा, एकाच माणसाने सगळे घडवले असे सहसा होत नसे. निरनिराळ्या हातांनी केलेले भाग जोडून एक चालते वाहन उभे करायचे, हीच पद्धत होती. इंग्रजीत ज्याला 'किट कार' म्हणतात, त्यामागची कल्पना याहून फारशी वेगळी नाही.

४/
मोटारीच्या युगातही ही पद्धत संपली नाही. एसटीची लाल गाडी आठवावी. तिचा सांगाडा आणि इंजिन टाटा किंवा अशोक लेलँडचे. तिचे शरीर मात्र महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा, हिंगणा येथील कार्यशाळांत बांधले जात आले. एकाचे इंजिन आणि दुसऱ्याची बॉडी ही जोडणी मुळात धोकादायक असती, तर महाराष्ट्रातील दोन पिढ्या शाळेत पोहोचल्याच नसत्या. म्हणजे जोडणीला आक्षेप नाही. ती जोडणी कोण करतो, यावर सगळे अवलंबून आहे.

५/
आता ब्रिटन. महायुद्धानंतर तिथे तयार मोटारीवर खरेदी कर होता. १९५०च्या दशकाच्या बहुतेक काळात तो ठोक किमतीच्या निम्मा किंवा त्याहून अधिक होता. सुट्या भागांचा संच घेऊन मोटार स्वतः जोडणाऱ्याला मात्र हा कर पडत नसे. या एका तरतुदीतून एक उद्योग जन्मला. गराजमध्ये काम करणाऱ्या तरुणांनी सांगाडे आणि बॉड्या बनवल्या. गिऱ्हाइकाने जुन्या फोर्ड वा ऑस्टिनचे इंजिन काढून त्यात बसवले. ब्रिटिश माणूस जन्मतः अधिक कल्पक होता असे मुळीच नाही. त्याच्या कल्पकतेला कराच्या नियमाने वाट मिळाली, एवढेच.

६/
या वाटेवरचे सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे कॉलिन चॅपमन. १९४८मध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून त्याने पहिली मोटार बांधली. १९५७मध्ये त्याच्या लोटस कंपनीची 'सेव्हन' आली: नळ्यांचा हलका सांगाडा, दोन आसने, दारे नाहीत, छप्पर नावापुरते. संचासोबत जोडणीची पुस्तिका दिली तर करसवलत जाईल, म्हणून चॅपमनने मोटार सुटी करण्याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकाने ती उलट वाचली, अशी एक कथा सांगितली जाते. कथेचे राहू द्या. 'सेव्हन' जोडणारे शेकडो हौशी लोक मात्र खरे होते, आणि त्यांच्या मोटारींना रस्त्यावर धावण्याची मुभा होती.

७/
फायबरचे महत्त्व इथेच. पोलादी पत्र्याची बॉडी बनवायची तर अवाढव्य प्रेस आणि डाय लागतात. लाखभर मोटारी विकल्याशिवाय तो खर्च भरून निघत नाही. फायबरला लागतो तो एक साचा. आधी हव्या त्या आकाराचा नमुना घडवायचा, त्यावरून साचा काढायचा, साच्याला आतून जेलकोट लावायचा, त्यावर काचतंतूंची चटई अंथरायची, हार्डनर मिसळलेले रेझिन रोलरने मुरवायचे, वाळले की बॉडी उचलून घ्यायची. एका शेडमध्ये चार माणसे हे करू शकतात. कोकण किनाऱ्यावर फायबरच्या होड्या याच रीतीने बनतात. थोडक्यात, फायबरने मोटारीची बॉडी प्रचंड भांडवलाच्या हातून काढून कारागिराच्या हाती दिली.

८/
म्हणूनच त्या काळातील ब्रिटनमध्ये छोट्या नावांची रांग दिसते. ब्लॅकपूलची टीव्हीआर, वॉकलेट बंधूंची जिनेटा, जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन यांची मार्कोस. टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीने फायबरच्या तीनचाकी मोटारी काढल्या, कारण ठरावीक वजनाखालील तीनचाकी तिथे मोटारसायकलच्या परवान्यावर चालवता येई आणि तिला करही कमी पडे. पुन्हा तेच: नियमाने जागा दिली आणि त्या जागेत वाहन उभे राहिले. मोटारीचा इतिहास सांगताना इंजिनाची अश्वशक्ती सांगतात. तिच्यामागचे कलम सांगायला विसरतात.

९/
१९७३मध्ये ब्रिटनने खरेदी कर रद्द करून मूल्यवर्धित कर आणला. संचाची करसवलत संपली. त्याच वर्षी लोटसने 'सेव्हन'चे हक्क केटरहॅमच्या ग्रॅहम नर्न यांना दिले. ती मोटार पुढे केटरहॅम नावाने चालू राहिली. करसवलत गेली तरी रस्ता बंद झाला नव्हता. पुढे सुरक्षेचे नियम कडक झाले, तेव्हा १९९८मध्ये ब्रिटनने 'एकल वाहन मान्यता' आणली. बांधलेली एकेक मोटार तपासणीला न्यायची. ब्रेक, सुकाणू, दिवे, पट्ट्यांचे आधार, टोकदार कडा, धूर हे सारे पाहून ती उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण ठरवायची. २००९पासून ही तपासणी आणखी कडक स्वरूपात सुरू आहे. म्हणजे सारंगखेड्याच्या बाजारातलीच रीत, फक्त सरकारी अभियंत्याच्या हाती.

१०/
इकडे भारतात १९५१चा उद्योग (विकास आणि नियमन) कायदा आला. मोटारनिर्मिती परवान्याच्या कक्षेत गेली. मुंबईत शिवडीला १९२८पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४मध्ये काम गुंडाळले. बाजार हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड या मोजक्या कंपन्यांकडे राहिला. मोटार घ्यायची तर वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबायचे. ज्या देशात गिऱ्हाईक रांगेत उभे होते, त्याच देशात नव्या कारागिराला दार बंद होते. या विसंगतीचे नाव पुढे 'परवाना राज' पडले; तिचा हिशेब मात्र कधी मांडला गेला नाही.

११/
त्या हिशेबातली एक नोंद इचलकरंजीची आहे. यंत्रमागांच्या या गावात शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९मध्ये आपल्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना रस्त्यावर आणला. पुढची दोन दशके ते तिच्यात सुधारणा करत राहिले. 'मीरा' नावाची ही मोटार १९७०च्या दशकात सुमारे १२ हजार रुपयांत देता येईल, असा त्यांचा अंदाज होता. नमुने बनले, चालले, लोकांनी पाहिले. कारखाना मात्र उभा राहिला नाही. मीरा फायबरची किट कार नव्हती. पण तिची कथा त्याच घराण्यातली आहे, कारण तिला अडवणारी भिंत तीच होती.

१२/
मीराबद्दल एक सोयीस्कर समज पसरलेला आहे: मारुतीसाठी तिचा बळी दिला गेला. १९७०मध्ये केंद्राने छोट्या मोटारीसाठी जी आशयपत्रे दिली, त्यांत वर्षाला ५० हजार मोटारी बांधण्याचे संजय गांधी यांचेही होते, हे खरे. त्यांची मारुती लिमिटेड मोठ्या प्रमाणावर मोटारी बाजारात आणू शकली नाही, हेही खरे. पण सगळे खापर एका कटावर फोडले की व्यवस्था सुटते. कोणीही कट केला नसता तरी मीरा अडलीच असती. मोटार चालते का, हा प्रश्न विचारण्याआधी 'कोणाला बांधू द्यायची' हा प्रश्न दिल्लीत सुटत होता. खलनायक बदलले, तो क्रम बदलला नाही.

१३/
१९८२मध्ये ब्रिटिश फायबर थेट भारतात आले. रिलायंटच्या 'किटन' या चारचाकीवरून बंगळूरच्या सिपानी कंपनीने 'डॉल्फिन' काढली: ८४८ सीसीचे इंजिन, फायबरची हलकी बॉडी. दक्षिणेतल्या शर्यतींत तिने नाव कमावले. पण १४ डिसेंबर १९८३ला मारुती ८०० आली, आणि पत्र्याच्या, पाच दरवाजांच्या, जपानी तंत्राच्या मोटारीपुढे डॉल्फिन टिकली नाही. हा पराभव बाजारातला होता आणि त्याबद्दल तक्रार नाही. गिऱ्हाइकाने तपासून नाकारणे आणि नियमाने तपासण्याआधीच अडवणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१४/
ब्रिटिश किट कारची सर्वांत जवळची मराठी नातलग सापडते ती रायगड जिल्ह्यात. पेण-अलिबाग रस्त्यावरील कार्लेखिंडीत गुइडो बोथे आणि शमा बोथे यांनी चिंकारा मोटर्स सुरू केली. तिची 'रोडस्टर १.८ एस' ही लोटस सेव्हनच्या घाटाची दोन आसनी मोटार: नळ्यांचा सांगाडा, फायबरची बॉडी आणि अँबॅसडरमध्ये येणारे १.८ लिटरचे इसुझु इंजिन. ज्या इंजिनाने सरकारी साहेबांना मंत्रालयात पोहोचवले, तेच इंजिन इथे उघड्या हलक्या मोटारीत बसले. जे १९५०च्या दशकात लंडनच्या गराजमध्ये घडले, ते कोकणातल्या एका शेडमध्येही घडू शकते, याचा हा पुरावा आहे.

१५/
चिंकाराची संख्या मात्र मोजकीच राहिली. अशा मोटारीचा जीव दुसऱ्याच्या इंजिनात असतो. २०१४मध्ये उत्तरपाड्याला अँबॅसडरचे उत्पादन थांबले. १ एप्रिल २०१७पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ प्रदूषण मानके लागू झाली. मोठी कंपनी नवे इंजिन घडवते आणि खर्च लाखो गिऱ्हाइकांत वाटते. छोट्या कार्यशाळेला ते अशक्य असते. स्वच्छ हवेचे नियम हवेतच. पण कोट्यवधींच्या उत्पादनासाठी बेतलेला नियम वीस मोटारींच्या शेडला जसाच्या तसा लावणे म्हणजे हत्तीचा हौदा घोड्यावर चढवणे होय.

१६/
खरी अडचण मान्यतेच्या पद्धतीत आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे उत्पादकाने वाहनाचा नमुना मान्य संस्थेकडे तपासणीला द्यायचा. पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई: यांतल्या तीन महत्त्वाच्या संस्था महाराष्ट्रातच आहेत. नमुना उत्तीर्ण झाला की त्याच्या प्रती विकायच्या. लाख प्रती काढणाऱ्यासाठी ही पद्धत उत्तम. समजा, वर्षाला वीस मोटारी बांधणाऱ्याने धडक-चाचणीत दोन मोटारी फोडल्या, तर उत्पादनाचा दहावा हिस्सा तिथेच संपला. आणि आयुष्यात एकच मोटार बांधणाऱ्याने? त्याने आपली एकुलती एक मोटार फोडून ती सुरक्षित असल्याचे सिद्ध करायचे!

१७/
'नियम सर्वांना सारखे' हे उत्तर लगेच येते. ते खरे नाही. २०१८पासून परदेशी मान्यता असलेल्या मोटारी वर्षाला २,५०० पर्यंत, भारतात पुन्हा नमुना-चाचणी न करता आयात करता येतात. २०२१मध्ये पन्नास वर्षांवरील जुन्या मोटारींसाठी 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मालिका आली. दिल्लीत उच्च न्यायालयाने २०१४मध्ये ई-रिक्षांवर बंदी घातल्यावर २०१५मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त केला. आयातदारासाठी दार आहे, संग्राहकासाठी आहे, मतसंख्या मोठी असलेल्या चालकांसाठीही आहे. नाही ते फक्त स्वतःच्या हातांनी मोटार बांधणाऱ्यासाठी.

१८/
२०२१च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, एका कारागिराने भंगारातून बांधलेली छोटी जीप देशभर गाजली. किक मारून सुरू होणारी ती गाडी नियमांत बसत नाही आणि अधिकारी ती कधी ना कधी थांबवतील, हे ओळखून आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि पुढे दिलीही. त्यांच्या औदार्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण या बक्षिसाचा अर्थ समजून घ्यावा. बांधणाऱ्याला मिळाली ती दुसऱ्याने बांधलेली मोटार. त्याची स्वतःची मोटार प्रदर्शनाची वस्तू झाली. एका उद्योगपतीच्या मर्जीने सुटलेला प्रश्न कायद्याने सुटलेला नसतो. पुढच्या गावातल्या पुढच्या कारागिरासाठी तो तिथेच उभा असतो.

१९/
सुरक्षेचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. रस्ता हा बांधणाऱ्याच्या एकट्याचा नाही. ब्रेक निकामी झाला तर मरणारा कदाचित पायी चालणारा असेल. पण म्हणूनच तपासणी हवी. आजच्या स्थितीत हौशी कारागिराची गाडी तपासलीच जात नाही. ती रात्री, शिवारातून, पोलीस टाळून धावते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल यांनी नोंदणीकृत वाहनात मूळ रचना बदलण्यालाही कडक मर्यादा घातली. तरीही वाकवलेल्या, कापलेल्या, वाढवलेल्या गाड्या खेडोपाडी दिसतातच. बंदीने धोका संपत नाही. तो अभियंत्याच्या नजरेआड जातो.

२०/
दुसरा आक्षेप: ही श्रीमंतांची हौस आहे. दोन आसनी, बिनछपराची रोडस्टर ही हौसच, यात वाद नाही. पण कौशल्याची शिडी हौसेच्या पायरीवरूनच चढते. चॅपमनचे लोटस त्याच गराजमधून फॉर्म्युला वन जिंकण्यापर्यंत पोहोचले. सौराष्ट्रात बुलेटच्या पुढच्या भागाला गाडा जोडून छकडा बनला आणि त्या परंपरेतून राजकोटची अतुल ऑटो ही तीनचाकींची कंपनी वाढली. २००७पासून पीथमपूरला 'बाहा'च्या स्पर्धेसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः वाहने बांधून आणतात. सांगाडा वळवण्यापासून ब्रेक बसवण्यापर्यंत सगळे शिकतात. स्पर्धा संपली की ते वाहन महाविद्यालयाच्या कोपऱ्यात गंजते. त्याला पुढे जायला रस्ताच नाही.

२१/
मागणी म्हणून मोठी नाही. केंद्राने नियम १२६ शेजारी एकल-मान्यतेचा स्वतंत्र नियम करावा. एका व्यक्तीने वा कार्यशाळेने वर्षाला किती वाहने बांधावीत याची मर्यादा घालावी. इंजिन आधी मान्यता मिळालेलेच असावे. ब्रेक, सुकाणू, जोडांचे वेल्डिंग, दिवे, पट्टे, धूर यांची तपासणी पुणे आणि अहिल्यानगरच्या संस्थांनी ठरावीक, परवडणाऱ्या शुल्कात करावी. नापास झालेल्या वाहनाचे दोष लेखी द्यावेत, दुरुस्त करून पुन्हा येऊ द्यावे. नंबरपाटीची मालिका वेगळी असावी, वार्षिक तपासणी सक्तीची असावी. जुन्या मोटारींसाठी मालिका काढता आली, तर नव्या हातांसाठीही काढता येईल.

२२/
तोपर्यंत 'देशी जुगाड' म्हणून टाळ्या वाजवणे थांबवावे. जुगाड हा शब्द कौतुकाचा वाटतो; प्रत्यक्षात तो कारागिराला अभियंत्यांच्या पंक्तीतून उठवून करमणुकीच्या मांडवात बसवतो. इचलकरंजीच्या मोटारीला, कार्लेखिंडीच्या शेडला, देवराष्ट्र्याच्या जीपला सहानुभूती पुष्कळ मिळाली. त्यांच्या वारसांना हवा आहे तो एक अर्जाचा नमुना, तपासणीची एक तारीख आणि 'उत्तीर्ण' किंवा 'अनुत्तीर्ण' असा एक स्पष्ट शेरा.